सुपारीची पाणंद

"वहिनी, हे गेट आहे," दिनकर भाऊजी म्हणाले.

"दिसतंय."

"आणि बंद आहे."

"तेही दिसतंय."

सुपारीला मात्र ते दिसत नव्हतं. गेटची खालची पट्टी आणि जमीन यांच्यात वीतभर फट होती, आणि ज्या कुत्रीची उंचीच वीतभर, तिच्या लेखी एवढी फट म्हणजे सताड उघडं दार. ती पोट घासत पलीकडं गेली, अंगावरची माती झाडली आणि वळून माझ्याकडं बघत उभी राहिली. माणसाला एवढा उशीर का लागतो, हे तिला कधीच समजलं नाही.

"कुत्र्याला मागं बोलवा," भाऊजी म्हणाले.

"तिला बोलावलेलं आवडत नाही. तुम्ही सांगून बघा."

भाऊजींनी सांगून बघितलं नाही. पंचायत समितीत ते एकदा उपसभापती होते. तेव्हापासून, ऐकलं जाण्याची खात्री नसेल तिथं ते बोलत नसत.

माघ लागला होता. दोन्ही अंगाला शाळू काढणीला आलेला, आणि मधून आमची पाणंद वर माळाकडं गेलेली. म्हणजे कालपर्यंत गेलेली. आज तिच्या तोंडावर हे गेट होतं, आणि रंग अजून ओला होता.

"भाऊजी, ही पाणंद आहे."

"होती. आता बांध आहे. अलीकडचं रान माझं, पलीकडचं माझं. मग मधला बांध कुणाचा?"

"पाणंदीचा बांध कधी झाला?"

"होतो हळूहळू."

यात खोटं काही नव्हतं. मी सून म्हणून खोलवडीत आले तेव्हा या पाणंदीतून समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या आरामात जात. पुढं दर नांगरटीला भाऊजींच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांचा, नांगर थोडा आत सरकायचा. मग भाऊजींचा सरकायला लागला. मग ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरला बैलांइतकी लाज नसते. गाडीवाट गेली, पायवाट उरली. डांबरी सडक झाल्यावर माणसं मोटारसायकलवरून जायला लागली, तेव्हा पायवाटेवर आम्ही दोघीच उरलो. मी आणि सुपारी.

"आंब्याची कलमं लावलीत," भाऊजी म्हणाले. "जनावरं शिरतात."

"जनावर शिरलंच. अडले मी."

भाऊजींनी सडकेकडं बघून आवाज खाली आणला. "वहिनी, खरं सांगू का? लोक मला विचारतात. थोरल्या घरची सून रोज सकाळी कुत्रं घेऊन जाते कुठं? आता मी काय सांगायचं?"

यावर चटकन बोलणं धोक्याचं होतं. गावात कुणाला काय सांगून ठेवलंय, ते आधी आठवायला हवं होतं.

माझी सगळी नोकरी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, आणि ती सगळी खुर्चीवर गेली. आधी समोर भोकांचा बोर्ड आणि कानाला हेडफोन होता. नंतर बोर्ड गेला, संगणक आला, खुर्ची तीच राहिली. लोकांची बोलणी पुण्याला जायची, मुंबईला जायची, सैन्यातल्या मुलांसाठी थेट जम्मूला जायची, आणि मी त्यांना वाटेला लावून तिथंच बसायची. निवृत्त झाले तेव्हा सत्कारात मला काय दिलं असेल? खुर्ची. वेताची. ती मी तिथल्याच शिपायाला देऊन टाकली आणि नवऱ्याच्या गावी राहायला आले. नवरा आधीच गेला होता, लेक बंगळुरूला होती. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढं घर एका बाईला पुष्कळ झालं.

एका बाईला आणि सुपारीला. ती मला एसटी स्टँडवर भेटली, माझ्या पिशवीवर बसलेली. तपकिरी, गोल, टणक. कुणाची म्हणून विचारलं, तर कंट्रोलरनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "बाई, आता तुमची."

पहिल्या दिवशी आम्ही निघालो ती सकाळ ज्येष्ठातली होती. शेजारच्या हौसाक्का अंगणात भांडी घासत होत्या.

"कुठं चाललीस गं शालन?"

"फिरायला."

"फिराय म्हंजी कुठं?"

"पाणंदीनं वर माळापर्यंत जायचं आणि परत."

"माळावर काय हाय?"

"काही नाही."

हौसाक्कांनी हातातली राख खाली ठेवली. "काय न्हाय, तर जातीस कशाला? आन जातीस, तर परत येतीस कशाला?"

आमच्या गावात माणसं दिवसभर चालतात. पण प्रत्येक चालण्याच्या टोकाला काहीतरी असतं: विहीर, गिरणी, रान, भांडण. 'कुठं चाललात' हे विचारणं म्हणजे रामराम, आणि त्याला ठावठिकाण्यासकट उत्तर देणं म्हणजे उलट रामराम. 'कुठं नाही' म्हटलं की माणसं काळजीत पडतात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की हेडफोनमधून शालनच्या डोक्यात करंट उतरलाय.

तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मी गावाची काळजी मिटवली. 'लाइन बिझी आहे' हे वाक्य ज्या बाईनं आयुष्यभर शांतपणे उच्चारलंय, तिला हे जड नव्हतं. हौसाक्कांना सांगितलं, माळापलीकडच्या म्हसोबाला नवस बोललेय. त्यांनी लगेच पदर सावरून म्हसोबाच्या दिशेनं हात जोडले. पारावर बसणाऱ्या सर्जेराव तात्यांना सांगितलं, माळावर धनगराचा वाडा उतरलाय, तिथं शेळीचं दूध पिऊन येते, पित्तावर चांगलं. गिरणीवाल्या इंदूला सांगितलं, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला लावलंय. ज्याला जे पटेल ते. मग मला कुणी अडवलं नाही. उलट हौसाक्का म्हणायच्या, "जा बाई, देवाचं काम हाय."

आणि आम्ही जायचो.

ज्येष्ठात मृगाचे लाल मखमली किडे वाटेवर निघाले. सुपारीनं पहिल्या किड्याला नाक लावलं, शिंकली आणि त्यानंतर महिनाभर प्रत्येक किड्याला वळसा घालून चालली. आषाढात पाणंदीचा ओढा व्हायचा. मी चपला हातात घ्यायची, ती उड्या मारत बांधावरून यायची, आणि एखादा खेकडा नांगी वर करून दोघींचीही वाट अडवायचा. आम्ही थांबायचो, त्याचं झालं की पुढं. श्रावण-भाद्रपदात तेरडा फुलला, आणि बाजरी एवढी वाढली की सुपारी आत शिरली की दिसायची नाही. नुसती कणसं हलायची. हलत्या कणसांवरून मला कळायचं, आता ती लाव्ह्यांच्या मागं आहे. आणि कणसं एकदम थांबली की कळायचं, लाव्हे उडाले. कार्तिकात भुईमुगाच्या वेलांचा ओला वास. पौषात धुकं असं, की पुढं चालणाऱ्या सुपारीचं फक्त शेपूट दिसायचं. कोळ्यांची जाळी दवानं भरून कुंपणावर वाळत घातल्यासारखी लोंबायची. माळावर पोचलो की मी एका दगडावर बसायची, ती माझ्या पायावर बसायची, आणि खाली गाव चुलींचा धूर सोडत उठायचं.

तिथं काही नव्हतं. हौसाक्कांना मी पहिल्या दिवशी सांगितलं ते खरंच होतं.

असा सुगीपर्यंतचा काळ गेला, आणि माघात गेट आलं.

पाणंद नाही तर सडक, असं म्हणून मी आठवडाभर सुपारीला सडकेनं नेऊन बघितलं. ऊसतोडीचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, प्रत्येकीत मावेल त्याच्या दीडपट ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी. एके सकाळी मागच्या ट्रॉलीतून मोळी सुटून खाली आली. सुपारी बाजूला उडाली म्हणून वाचली. मी तिला उचलून घेतलं, तर तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. त्या दिवसानंतर ती सडकेवर पाय ठेवीना. घरातून निघायची, नाकासमोर गेटापर्यंत जायची, फटीतून पलीकडं जाऊन बसायची आणि माझी वाट बघायची. मी अलीकडं, ती पलीकडं. तासभर. मग दोघी घरी.

घरी मी पडवीत बसायची. बसल्या बसल्या मला एक दिवस जाणवलं, की आपण पुन्हा बसलोय.

मी तहसील कचेरीत गेले आणि अर्ज दिला: गावच्या वहिवाटीची पाणंद अडवली आहे, ती मोकळी करावी.

चैत्रात महसूल खात्याचे सर्कलसाहेब पाहणीला आले. मोटारसायकल गेटाशी लावली, टोपीनं वारा घेतला आणि करंजाच्या सावलीत उभे राहिले. भाऊजींनी त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणवली होती. एकच. साक्षीला बोलावलेली माणसं उभीच होती: हौसाक्का, सर्जेराव तात्या, गिरणी बंद करून आलेली इंदू, आणि पाहणी म्हणजे काय ते पाहायला आलेलं अर्धं गाव. सुपारी साहेबांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. सावली तिथं सगळ्यात दाट होती.

"वाट नकाशात स्पष्ट नाही," सर्कलसाहेब म्हणाले. "तेव्हा वहिवाट बघावी लागणार. कोण जातं या वाटेनं?"

"ही जाते," तात्यांनी माझ्याकडं काठी केली. "रोज. मी पारावरनं बघतो."

"कशासाठी जातात?"

"शेळीचं दूध प्यायला. माळावर धनगर हाय. पित्त हाय त्यांना."

"हातात तांब्या वगैरे असतो?"

"न्हाय. दूध पोटातनं आणत्यात."

साहेबांनी लिहिलं. मी करंजाच्या नव्या पालवीकडं बघत राहिले. पालवी चांगली होती.

"दूध?" हौसाक्का पुढं आल्या. "कशाचं दूध? सायेब, नवस हाय तिचा. म्हसोबाचा. लेकीला परदेशात नोकरी लागावी म्हणून वर्षभर अनवाणी जाती ती!"

"अनवाणी कुठं, चपला असत्यात," तात्या म्हणाले.

"गेटापातूर असत्यात. पुढं काढती."

"तुम्ही बघितलंय?"

"देवाचं कोण बघाय जातं का?"

"अहो, दोघंही काय सांगताय?" इंदू मधे पडली. "गुडघ्याचं दुखणं आहे त्यांचं. डॉक्टरनं चालायला सांगितलंय. मला त्यांनी स्वतः सांगितलं, जोंधळा दळत होते तेव्हा."

"गुडघा दुखत असता तर डोंगर चढली असती का?" हौसाक्का उसळल्या.

"म्हसोबा चढवतोय, असं म्हणा!"

"तात्या, देवाची थट्टा नको हां!"

दिनकर भाऊजी शांत उभे होते. शर्टाच्या घड्यासुद्धा हलत नव्हत्या. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, तिघं माझे विरोधक नाहीत. गावचीच माणसं आहेत. पण या बाईला पलीकडं काम काय, ते एकालाही धड सांगता येत नाही. वहिवाट कसली?"

सर्कलसाहेब माणूस वाईट नव्हता. दुपार चढत होती, आणि त्यांना अजून एका गावाला जायचं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज हलका केला.

"बाई, तीन कारणं झाली. तिन्ही चालतात. देवाची वाट असेल तर अडवता येत नाही. दुधाची असेल तर वहिवाट धरता येते. दुखण्याचंही काहीतरी बसवता येईल. पण एक धरा. तुम्ही बोलाल ते मी लिहितो, आणि हे गेट आजच्या आज उघडायला लावतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हौसाक्कांचे ओठ हलत होते: 'म्हसोबा म्हण, म्हसोबा म्हण.' तात्या काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून दुधाची वाट बघत होते. गेटाच्या गजांतून मला पाणंद दिसत होती. वरच्या वळणावरचा पांगारा लालभडक फुलला होता आणि साळुंक्यांनी त्यावर कलकलाट मांडला होता. महिनाभरानं ती फुलं राहणार नव्हती. एक शब्द बोलायचा होता. खोटा होता, पण वर्षभर बोलून बोलून तोंडात बसलेला होता.

"साहेब," मी म्हणाले, "यातलं एकही खरं नाही."

"म्हणजे?"

"मला नवस नाही, पित्त नाही, आणि गुडघे या वर्षात चांगले झालेत. मी फिरायला जाते."

तात्यांनी काठीवरची हनुवटी उचलली.

"म्हंजी मला सायेबापुढं खोटं पाडलंस?" तात्या म्हणाले.

"नाही तात्या. खोटं मी बोलले. तुम्ही ऐकलं ते खरंच सांगितलंत."

"म्हसोबाच्या नावानं!" हौसाक्कांनी तोंडावर पदर घेतला.

सर्कलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "फिरायला. पण फिरून करता काय?"

"बघते."

"काय?"

"ते दर महिन्याला बदलतं."

"बाई, हे काम झालं का?"

"नाही झालं. काम मी केलंय साहेब, सरकारला माहीत आहे. पेन्शन देतं. आता मला बिनकामाचं चालायचंय."

"बिनकामाच्या चालण्याला मी वाट कशी देऊ?"

"वाट द्या म्हणत नाही. आहे ती अडवू नका म्हणते."

लोकांत कुजबूज सुरू झाली. खोटं बोलल्याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग, हातातोंडाशी आलेलं गेट बाईनं आपल्या तोंडानं बंद केलं याचा होता. इंदू तर म्हणालीच, "अहो, गुडघ्याचं म्हणायचं होतं की! गुडघा कोण उघडून बघतंय?"

तेव्हा दिनकर भाऊजी पुढं आले. जिंकलेला माणूस एकदम प्रेमळ होतो, तसे ते झाले होते.

"वहिनी, तुम्ही आमच्या घरच्या. तुम्हाला मी नाही म्हणेन का? जात जा की तुम्ही. कुलपाची किल्ली माझ्याकडं असते. रोज सकाळी निघायच्या आधी घरावरून जा, सांगा, 'भाऊजी, जाऊन येते', आणि किल्ली घ्या. आल्यावर परत द्या. साहेब, लिहा तसं. मिटलं."

लोकांना बरं वाटलं. आमच्या गावाला मिटलेलं फार आवडतं, कुणाच्या बाजूनं का मिटेना. तात्यांनीसुद्धा मान हलवली. "ह्यो मोठेपणा झाला."

"किल्ली नको," मी म्हणाले.

"का?"

"आज किल्ली घेतली, तर वाट तुमची झाली. मग उद्या तुम्हाला ताप आला की मी घरी, तुम्ही गावाला गेलात की मी घरी, आणि तुमच्या मनात आलं की कायमची घरी."

सर्कलसाहेबांनी चटकन वर बघितलं. किल्लीचं लिहायला सुरुवात केली होती, ते थांबवलं.

भाऊजींचं प्रेम ओसरलं. "मग बसा घरी."

"बसून झालंय, भाऊजी."

साहेबांनी कागद आवरले. अहवाल वर पाठवतो म्हणाले. खुर्चीखालून सुपारी उठली, तिनं आळस दिला आणि मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत भुंकून तिला वाटेला लावलं. त्या अहवालाचं पुढं काय झालं हे मला आजतागायत कळलेलं नाही. भाऊजींनाही नाही. दोघांनीही आपापल्या परीनं चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी निघाले. हौसाक्का अंगणात होत्या, पण त्यांनी विचारलं नाही. भांड्यांवर राख मात्र जरा जास्तच जोरात चालली होती.

गेटाशी भाऊजी आधीच उभे होते. सुपारी त्यांच्या दोन पायांमधून आणि मग फटीतून पलीकडं गेली. मी चपला काढून गजांतून आत टाकल्या, पदर खोचला, नऊवारी नसल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटून पाचवारीच्या निऱ्या वर घेतल्या आणि गेटाला हात घातला. वेल्डिंगवाल्यानं हौसेनं मधोमध लोखंडी मोर काढला होता, पिसाऱ्यासकट. मोराच्या पाठीवर पाय चांगला बसतो. पिसाऱ्यावर दुसरा. त्या मोराची पाठ आता घासून घासून चकचकीत झाली आहे, पण त्या दिवशी उन्हानं भुरभुरलेला त्याचा निळा रंग माझ्या तळव्याला लागला.

"वहिनी! काय चाललंय?"

"चढतेय."

"पडाल!"

"पडले तर तुमच्या रानात पडेन. पंचनामा करून घ्या."

"मी पोलिसात जाईन!"

"जा की. फौजदार विचारतील, बाई काय चोरायला शिरली? सांगा, काही नाही. मग कशाला शिरली? सांगा, फिरायला. तुमचंच नाव लिहून घेतील ते."

एव्हाना मी वर पोचले होते. गेटाच्या वरच्या पट्टीवर एक पाय अलीकडं, एक पलीकडं, अशी मी साठीची बाई बसले होते. तिथून गाव छान दिसत होतं, आणि गावालाही मी छान दिसत असावे. कारण सडकेवर दुधाचा टेम्पो थांबला. त्याच्या मागं एक मोटारसायकल थांबली. मग एसटी आली, तीही हळू झाली, आणि खिडक्यांतून डोकी निघाली.

भाऊजी पांढरे पडले. त्यांनी सडकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दात आवळून म्हणाले, "वहिनी, उतरा. थोरल्या घरची सून गेटावर. लोक बघतायत!"

"उतरते. कुठल्या बाजूला उतरू?"

भाऊजींनी पुन्हा सडकेकडं बघितलं.

"सांगा लवकर, भाऊजी. मला काय, मी बसते. मला बसायची सवय आहे."

एसटीतल्या कुणीतरी शीळ घातली.

"उतरा!" भाऊजी म्हणाले. "कुठल्याही बाजूला उतरा!"

मी पलीकडं उतरले. सुपारीनं माझ्या पायाचा निळा रंग हुंगला, आणि आम्ही निघणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"थांब गं!"

हौसाक्का येत होत्या. डोक्याला पदर, एका हातात विळा, दुसऱ्या हातात गुंडाळलेली दोरी. आमच्याकडची बाई उंबऱ्याबाहेर पडली की हातात काहीतरी असतंच. वैरणीला जायचं असो किंवा मैत्रिणीशी बांधावर बसून दोन शब्द बोलायचे असोत, विळा-दोरी बरोबर. वाटेत कुणी हटकलं तर हात उत्तर देतात.

"म्हसोबाच्या नावानं खोटं बोललीस," त्या गेटाशी येऊन धापा टाकत म्हणाल्या. "रातभर डोळा न्हाय माझ्या डोळ्याला."

"चुकलं हौसाक्का. नारळ ठेवून येईन."

"तू ठेव न्हायतर नको ठेवू. मला येक सांग. वरसभर रोज गेलीस. नवस न्हाय, दूध न्हाय. तिथं खरंच काय न्हाय?"

"खरंच काही नाही."

"आन तरीबी गेलीस."

"हो."

हौसाक्कांनी वर पाणंदीकडं बघितलं. माझ्या आधी कितीतरी वर्षं त्या या गावात आल्या होत्या. या पाणंदीनं त्यांनी शेणाच्या पाट्या नेल्या होत्या, भाकरी नेल्या होत्या, वैरणीचे भारे आणले होते.

"हौसाक्का, तुम्ही कुठं?" भाऊजींनी विचारलं. आवाजात विनवणी होती. "गवताला जायचं असलं तर ओढ्याच्या कडेनं जा. तिकडं पुष्कळ झालंय."

उत्तर त्यांच्या हातात होतंच. विळा होता, दोरी होती. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. त्यांनी विळ्याकडं बघितलं, दोरीकडं बघितलं.

"धर रं दिनकर," त्या म्हणाल्या.

भाऊजींना त्यांनी लहानपणी कडेवर खेळवलेलं. सांगितलं तसे त्यांनी हात पुढं केले, आणि विळा आणि दोरी दोन्ही त्यांच्या हातात गेली.

"मी फिराय चाललीय," हौसाक्का म्हणाल्या आणि मोरावर पाय ठेवला.

मी पलीकडून ओढलं. अलीकडून कुणी ढकललं नाही, पण अडवलंही नाही. दोन्ही हात गुंतलेला माणूस अडवणार कशानं? सडकेवरच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. हौसाक्का धपकन उतरल्या, लुगडं झटकलं, आणि आम्ही तिघी चालायला लागलो. सुपारी पुढं, मी मधे, हौसाक्का मागं.

पांगाऱ्याशी पोचलो. मी वळून बघितलं तर त्या विचित्र चालत होत्या. एक हात डोक्याकडं जाई, तिथं पाटी नसे, परत खाली येई. दुसरा कमरेपाशी दोरी चाचपडे. मग दोन्ही हात पोटाशी बांधून बघितले, ते चढावर जमेना. मग मागं घेतले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हातांचं काय करायचं गं?" हौसाक्का म्हणाल्या. त्यांनी हात पुढं करून बघितले, जणू ते त्यांना आजच भेटत होते. "कधी मोकळं नेलंच न्हाईत. चालताना कुठं ठिवायचं असत्यात?"

"कुठं नाही," मी म्हणाले. "असू द्या तसेच."

त्यांनी हात सोडून दिले. आधी ते नुसतेच लोंबत राहिले. मग चढ लागला, पायांनी जोर धरला, आणि एक हात पुढं आला, एक मागं गेला. हौसाक्का मला ओलांडून पुढं गेल्या. सुपारीलाही.